दरमहा दहा पौंड : क्लिफ स्टॅनफर्ड आणि 'डेमन इंटरनेट'

इंटरनेटच्या इतिहासात अमेरिकी नावांचीच गर्दी असते. हा थ्रेड मात्र एका इंग्रज उद्योजकाविषयी आहे. त्याने सामान्य ब्रिटिश नागरिकाला इंटरनेटचे दार उघडून दिले, त्यातून संपत्ती मिळवली आणि पुढे दुसऱ्याचा पत्रव्यवहार चोरून वाचल्याबद्दल तो न्यायालयात दोषी ठरला. त्याचे नाव क्लिफ स्टॅनफर्ड.

१९९२ च्या आरंभी ब्रिटनमध्ये इंटरनेट होते, पण ते विद्यापीठांच्या 'जॅनेट' या जाळ्यात आणि मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत. घरी मोडेम बाळगणारी हौशी मंडळी 'सीआयएक्स'सारख्या चर्चासेवांना फोन लावत. तेथे निरोपांची देवाणघेवाण होई, परंतु घरातला संगणक काही इंटरनेटचा भाग होत नसे. दुसऱ्याच्या संगणकात डोकावण्याची ती केवळ एक खिडकी होती.

स्टॅनफर्डची 'डेमन सिस्टिम्स' ही छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी उत्तर लंडनमधील फिंचली येथे होती. त्याने या मंडळींसमोर एक सरळ हिशेब ठेवला. इंटरनेटची कायमची जोडणी एकट्याला परवडणारी नाही. पण पुरेशा लोकांनी वर्षाची वर्गणी आगाऊ भरली, तर माणशी महिन्याला दहा पौंडांत काम भागेल. त्या प्रस्तावाचे नावच होते 'अ टेनर अ मंथ'. गल्लीतल्या मंडळाने वर्गणी काढून उत्सव उभा करावा, तसाच हा व्यवहार. जून १९९२ मध्ये सेवा सुरू झाली.

स्वस्ताईपेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे आणि तिचा उल्लेख फारसा होत नाही. डेमनने प्रत्येक ग्राहकाला स्वतःचा कायमचा आयपी पत्ता दिला आणि 'डेमन डॉट को डॉट यूके'च्या आधी ग्राहकाने निवडलेले यंत्राचे नाव जोडून दिले. फोन जोडला की शयनगृहातला तो संगणक, तांत्रिकदृष्ट्या, एखाद्या विद्यापीठाच्या संगणकाच्या बरोबरीचा होई. टपाल थेट त्याच्यापर्यंत पोहोचे; त्या नावाखाली घरातल्या प्रत्येकासाठी हवे तितके ईमेल पत्ते करता येत. अर्थात हे सारे सुखासुखी मिळत नसे. डॉसवर 'केए९क्यू' नावाचा प्रोग्रॅम बसवताना भल्याभल्यांची दमछाक होई, शिवाय टेलिफोनचे मिनिटामिनिटाचे बिल वेगळे. तरीही ग्राहकाला केवळ प्रेक्षक न समजता जाळ्याचा बरोबरीचा घटक मानणारी ही रचना, माझ्या मते, स्टॅनफर्डची खरी कामगिरी होय. आज घरगुती जोडणी घेणाऱ्याला कायमचा पत्ता सहसा मिळत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

डेमनची स्वतःविषयीची कल्पना टपालवाल्याची होती : आम्ही पत्रे पोहोचवतो, पत्रातल्या मजकुराशी आमचा संबंध नाही. ही कल्पना लवकरच कसोटीला लागली.

जानेवारी १९९७ मध्ये युजनेटवरील थायलंडविषयक चर्चागटात एक बदनामीकारक मजकूर झळकला. त्याखाली लॉरेन्स गॉडफ्री या भौतिकशास्त्राच्या अध्यापकाचे नाव होते, परंतु मजकूर त्याचा नव्हता. कोणीतरी त्याच्या नावाने तो बनावटपणे लिहिला होता. गॉडफ्रीने १७ जानेवारीला डेमनला फॅक्स पाठवून तो काढून टाकण्याची मागणी केली. डेमनने काही केले नाही. मुदत संपून मजकूर आपोआप नाहीसा होईपर्यंत तो त्यांच्या सर्व्हरवर सुमारे दहा दिवस राहिला.

मार्च १९९९ मध्ये न्यायमूर्ती मोरलँड यांनी निकाल दिला. ग्राहक जेव्हा जेव्हा तो मजकूर उघडतो, तेव्हा तेव्हा डेमन तो प्रसिद्ध करत असते. आणि सूचना मिळाल्यावर 'आम्हाला ठाऊक नव्हते' हा बचाव उरत नाही. पुढल्या वर्षी तडजोड झाली आणि गॉडफ्रीला १५,००० पौंड भरपाई मिळाली. खटल्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट होता. त्या फॅक्सकडे दुर्लक्ष करणे अक्षम्यच होते. पण निकालाचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी ठरला. तक्रार खरी की खोटी हे तपासण्यापेक्षा मजकूर उडवून मोकळे होणे सेवादात्यांना सोयीचे झाले. टपालवाल्याला परीक्षकाच्या खुर्चीत बसावे लागले.

स्टॅनफर्ड मात्र तोवर डेमनमधून बाहेर पडला होता. १९९८ मध्ये 'स्कॉटिश टेलिकॉम'ने ही कंपनी ६ कोटी ६० लाख पौंडांना विकत घेतली. वेळ अचूक साधली गेली म्हणायची; त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'डिक्सन्स' या दुकानसाखळीने 'फ्रीसर्व्ह' ही वर्गणीविना इंटरनेट सेवा आणली आणि दहा पौंडांचा हिशेब कालबाह्य ठरू लागला.

हाती आलेला पैसा त्याने 'रेडबस' या नावाखाली नव्या उद्योगांत घातला : चित्रपट वितरण, आणि सर्व्हर ठेवण्याची डेटा सेंटरे उभारणारी 'रेडबस इंटरहाउस'. या दुसऱ्या कंपनीत अध्यक्ष जॉन पोर्टर यांच्याशी त्याचे बिनसले आणि २००२ मध्ये त्याला बाहेर पडावे लागले. वैर तेथे थांबले नाही. २००३ मध्ये कंपनीच्या सर्व्हरवरून पोर्टर यांच्या ईमेलच्या प्रती गुपचूप बाहेर वळवण्यात आल्या. त्यांत त्यांच्या मातोश्री, वेस्टमिन्स्टर नगरपरिषदेच्या माजी नेत्या डेम शर्ली पोर्टर, यांच्याशी झालेला पत्रव्यवहारही होता.

२००५ मध्ये स्टॅनफर्डने गुन्हा कबूल केला. त्याला सहा महिन्यांची, अंमलबजावणी स्थगित ठेवलेली, कैद आणि २०,००० पौंड दंड झाला. तत्पूर्वी त्याच्या वकिलांनी असा मुद्दा मांडला होता की, ज्याच्या मार्फत सर्व्हरमध्ये प्रवेश मिळाला त्याच्याकडे वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड होते, म्हणजे यंत्रणेवर नियंत्रणाचा हक्कही होता. अपील न्यायालयाने २००६ मध्ये तो फेटाळला. यंत्रणा चालवता येणे म्हणजे तिच्यावर नियंत्रणाचा हक्क असणे नव्हे. तिचा वापर कोणी करावा आणि कोणी करू नये हे ठरवण्याचा अधिकार ज्याला आहे, हक्क त्याचाच, असा अर्थ न्यायालयाने लावला.