जांभळ्याच्या पलीकडे

शाळेत पाठ केलेली पुष्कळ सूत्रे पुढे विसरायला होतात. पण ‘तानापिहिनिपाजा’ सहसा कुणी विसरत नाही. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. सगळे इंद्रधनुष्य एका शब्दात बसवून गुरुजी मोकळे होत आणि आपणही. ‘जा’च्या पुढे काय, असे वर्गात कुणी विचारत नसे. जिथे आपल्याला दिसायचे थांबते तिथे रंगच संपले, असे आपण धरून चालतो.

रंग मात्र तिथे संपत नाहीत. जांभळ्याच्या पुढेही प्रकाश आहे. विज्ञानाच्या पुस्तकांत त्याला ‘अतिनील’ म्हणतात. मराठीत त्याला आणखी एक देखणा शब्द आहे, ‘जंबुपार’. म्हणजे जांभळ्याच्या पार गेलेला. हा प्रकाश माणसाला कसा सापडला आणि पुढे तो माशाच्या डोळ्यात कसा सापडला, त्याची ही गोष्ट आहे. ती सव्वादोनशे वर्षांची आहे, आणि तिच्यात प्रत्येक वळणावर माणसाला एकच धडा मिळाला आहे: आपली नजर म्हणजे जगाची हद्द नव्हे.

सन 1800. इंग्लंडमधल्या स्लाव या गावी विल्यम हर्शेल सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येक रंगात किती उष्णता आहे, ते तापमापकाने मोजत होता. हर्शेल मूळचा जर्मन, पेशाने आधी संगीतकार आणि मग खगोलशास्त्रज्ञ. त्याने तापमापक तांबड्या रंगाच्या बाहेर, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथे ठेवला. पारा अधिकच चढला. तांबड्याच्या अलीकडे न दिसणारे काही आहे, हे त्या दिवसांत प्रथम कळले.

ही बातमी जर्मनीत येना शहरी योहान विल्हेल्म रिटर या तरुणाच्या कानी गेली. रिटर तेव्हा चोवीस वर्षांचा होता. औषधांच्या दुकानात उमेदवारी करून तो विद्यापीठात आला होता. नोव्हालिससारख्या कवींत त्याची ऊठबस होती, गटेशी ओळख होती. निसर्गात प्रत्येक गोष्टीला तिचे दुसरे टोक असते, अशी या मंडळींची श्रद्धा होती. चुंबकाला दोन ध्रुव असतात, विजेला धन आणि ऋण बाजू असते. मग तांबड्याच्या बाहेर उष्ण किरण असतील, तर जांभळ्याच्या बाहेरही कुणीतरी असलेच पाहिजे, असे रिटरने मनाशी धरले. हा तर्क शास्त्राचा कमी आणि कवितेचा जास्त होता.

पण रिटर नुसता तर्क करून थांबला नाही. स्वीडनच्या शीले या औषधविक्याने 1777 साली नोंदवले होते, की सिल्व्हर क्लोराइड हा चांदीचा क्षार प्रकाशात काळा पडतो आणि जांभळ्या प्रकाशात सर्वांत लवकर पडतो. 22 फेब्रुवारी 1801 रोजी रिटरने हा क्षार सूर्याच्या वर्णपटात ठेवला. जांभळ्याच्या बाहेर, जिथे डोळ्यांना अंधारच दिसत होता, तिथे तो सर्वांत आधी आणि सर्वांत गडद काळा पडला. जंबुपार प्रकाशाचा हा पहिला शोधक, आजच्या भाषेत ‘डिटेक्टर’. कल्पना कवीची होती, साक्ष चांदीने दिली. हा रिटर पुढे विजेचे प्रयोग स्वतःच्या शरीरावर करत राहिला, कर्जात बुडाला आणि 1810 साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी म्युनिकमध्ये वारला.

चांदीला जे कळते ते एखाद्या जिवाला कळत असेल का, हा प्रश्न विचारायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जावी लागली. इंग्लंडच्या जॉन लबक या बँकव्यावसायिकाला मुंग्यांचा नाद होता. मुंग्या आपले कोष उजेडापासून दूर अंधारात नेऊन ठेवतात. लबकने वारुळावर प्रकाशाचा वर्णपट पाडला. मुंग्यांनी जांभळ्याच्या बाहेरच्या, माणसाला काळोख दिसणाऱ्या जागेतूनही कोष उचलून हलवले. 1882 साली त्याने हे पुस्तकात मांडले. आपल्याला जो अंधार वाटतो, तो मुंगीला उजेड असू शकतो.

आता माशांकडे येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कार्ल फॉन हेस हे डोळ्यांचे नामांकित डॉक्टर होते. मासे पूर्ण रंगांध असतात, असे त्यांचे ठाम मत होते. पुरावा काय, तर टाकीत वर्णपट पाडला की मासे पिवळ्या-हिरव्या भागात गोळा होतात, आणि रंगांध माणसालाही नेमका तोच भाग सर्वांत उजळ दिसतो. म्हणजे मासा हा रंगांध माणसासारखा! मोजपट्टी माणसाची आणि तिच्यावर मोजायचा मासा.

कार्ल फॉन फ्रिश या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला हे पटेना. त्याने युरोपातल्या ओढ्यांत सापडणारे बोटाएवढे मिनो मासे घेतले. एका विशिष्ट रंगाजवळच खाणे मिळते, अशी त्यांना सवय लावली. मग खाणे काढून घेतले आणि तो रंग राखाडीच्या फिकट ते गडद अशा सगळ्या छटांमध्ये ठेवला. मासे रंगांध असते तर उजळपणात जुळणाऱ्या एखाद्या राखाडी छटेशी त्यांची गल्लत झाली असती. ते चुकले नाहीत, शिकवलेल्या रंगाकडेच गेले. प्रस्थापित डॉक्टर आणि नवखा संशोधक यांच्यात त्यावरून कडाक्याचा वाद झाला. पुढे मधमाशीच्या नृत्याचा अर्थ लावणारा आणि 1973 साली नोबेल मिळवणारा तो हाच फ्रिश. 1925 साली वोल्फ या संशोधकाने त्याच मिनो माशांना जंबुपार प्रकाशही वेगळा ओळखता येतो, असे दाखवले. पण तिकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. एखादी गोष्ट सिद्ध होणे वेगळे आणि तिला जगाच्या समजुतीत जागा मिळणे वेगळे.

दरम्यान एक वेगळाच धागा पुढे येत होता. तो डोळ्याचा नव्हता, पोटाचा होता. जॉर्ज वॉल्ड हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला ज्यू तरुण शिष्यवृत्तीवर बर्लिनला गेला होता. तिथे त्याला डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, अ जीवनसत्त्व सापडले. 1933 साली हिटलर सत्तेवर आला आणि वॉल्डला जर्मनी सोडून मायदेशी परतावे लागले. काम मात्र त्याने सोडले नाही. अ जीवनसत्त्वाअभावी रातांधळेपणा येतो, हे आपल्याकडच्या आयाबायांनाही ऐकून ठाऊक असते. आपल्या देशात 1970 साली लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो यासाठीच. पण असे का होते, याचे रासायनिक उत्तर वॉल्डच्या कामातून मिळाले. प्रकाश टिपणारे डोळ्यातले रंगद्रव्य अ जीवनसत्त्वापासूनच तयार होते. ताटात जे पडते त्यातूनच नजर घडते.

मग वॉल्डने गोड्या पाण्यातले मासे तपासले. त्यांच्या डोळ्यांतले रंगद्रव्य समुद्रातल्या माशांपेक्षा निराळे, जास्त जांभळसर निघाले. कारण ते अ जीवनसत्त्वाच्या दुसऱ्या एका प्रकारापासून बनते, ज्याला अ-2 म्हणतात. नदी-तळ्यांचे पाणी समुद्रासारखे निळे नसते. कुजलेल्या पालापाचोळ्यामुळे आणि गाळामुळे त्यात तांबूस प्रकाशच जास्त खोल जातो. अ-2 मुळे डोळ्याची पकड त्या तांबड्या बाजूला सरकते. सॅमन किंवा ईल यांसारखे नदी आणि समुद्र यांत ये-जा करणारे मासे तर दोन्ही प्रकार बाळगतात. हा बदल घडवणारे विकर कोणते, ते अमेरिकेतल्या संशोधकांनी 2015 साली शोधून काढले. म्हणजे मासा काय पाहणार, हे त्याच्या चयापचयात, अन्नाचे शरीर घडवणाऱ्या त्या अखंड भट्टीत ठरते.

हे दोन धागे, जंबुपार प्रकाश आणि चयापचय, अखेर एकत्र आले ते 1980 नंतर. 1983 साली हारोशी आणि हाशिमोतो यांनी जपानच्या नद्यांतल्या डेस माशाच्या डोळ्यात जंबुपार प्रकाश टिपणाऱ्या शंकूपेशी दाखवल्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रोच या गोड्या पाण्यातल्या माशातही त्या सापडल्या. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या. या माशांत चार. वोल्फचे म्हणणे अठ्ठावन्न वर्षांनी पेशीच्या पातळीवर खरे ठरले.

पुढची गोष्ट तर आणखी नवलाची आहे. 1987 साली बोमेकर आणि कुन्झ यांनी तपकिरी ट्राउट मासा तपासला. त्याच्या पिलांच्या डोळ्यांत जंबुपार शंकू होते. दोन वर्षांच्या माशात ते नव्हते. आपल्याकडे मत्स्यशेतीत बोटाएवढ्या पिलांना ‘बोटुकली’ म्हणतात. या बोटुकल्या उथळ पाण्यात राहतात आणि पाण्यातले बारीक जीव टिपून खातात. जंबुपार किरण पाण्यात फार खोल जात नाहीत, पण उथळ नितळ पाण्यात भरपूर असतात. पारदर्शक शरीराचे ते जीव आपल्याला दिसणे मुश्कील. जंबुपार प्रकाशात मात्र ते उठून दिसतात. मासा मोठा होतो, खोल पाण्यात जातो, भक्ष्य बदलते आणि ही नजरही जाते.

ती घालवतो कोण? थायरॉइड ग्रंथीचा स्राव. तुमच्या-माझ्या शरीरात चयापचयाचा वेग ठरवणारा, कमी-जास्त झाला की डॉक्टर रोज सकाळी गोळी घ्यायला सांगतात, तोच थायरॉक्सिन. 1992 साली ब्राउमन आणि हॉरिशिन यांनी रेनबो ट्राउटच्या पिलांना थायरॉक्सिन दिले, तेव्हा त्यांची जंबुपार नजर वेळेआधीच गेली. 2004 साली सॅमनच्या पिलांत दिसून आले, की एकच शंकूपेशी जंबुपार टिपणारे प्रथिन बनवायचे थांबवून निळा रंग टिपणारे बनवू लागते. दिवा तोच राहतो, काच बदलते. 2013 साली याची शेवटची कसोटी लागली. थायरॉइड स्राव देऊन ज्या ट्राउटची जंबुपार नजर बदलली होती, त्यांना भक्ष्य कमी अंतरावरूनच दिसू लागले. ही नजर म्हणजे निसर्गाची हौस नव्हती, पिलाच्या पोटाचा प्रश्न होता.

आणि या गोष्टीत आपल्या देशातला एक छोटा मासाही आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 साली पुस्तक लिहिले. त्यात त्याने निळ्या पट्ट्यांच्या एका इवल्या माशाची नोंद केली. तो म्हणजे आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जाणारा झेब्राफिश. त्याचे पिल्लू तांदळाच्या दाण्याहून लहान असते. ससेक्स विद्यापीठातल्या टॉम बाडन यांच्या गटाने 2020 साली दाखवले, की हे पिल्लू शिकार करताना मुख्यतः जंबुपार शंकूंवर विसंबते. पाण्यातला सूक्ष्म जीव त्याला चमकत्या ठिपक्यासारखा दिसतो, आणि त्या ठिपक्याने तर एका वेळी एखादाच शंकू उजळतो. तेवढ्यावर त्याचा घास ठरतो.

मग माणसाला हा प्रकाश का दिसत नाही? गंमत अशी, की आपला पडदा त्याला अगदीच आंधळा नाही. आपल्या डोळ्याचे भिंगच तो अडवते. पूर्वी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंग काढून टाकत आणि जाड चष्मा देत. अशा लोकांना जंबुपार प्रकाशात डॉक्टरांच्या तक्त्यावरची अक्षरे वाचता येतात, हे याच जॉर्ज वॉल्डने 1945 च्या सुमारास दाखवले. बाकीच्यांना तिथे अंधार होता. आता डोळ्यात बसवतात ती कृत्रिम भिंगे बहुधा हे किरण अडवणारीच असतात, आणि ते योग्यच आहे. कारण हे किरण पडद्याला इजा करतात. पाहण्याची किंमत असते आणि न पाहण्याचीही.

‘नजर’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला आणि इथलाच झाला. नजर लागते, नजर चुकवता येते, नजरेआड करता येते. या शब्दामागे आपण धरून चालतो, की नजर ही आपली स्वतःची, कायमची मालमत्ता आहे. ट्राउटच्या पिलाने ते खोटे ठरवले. नजर वयाची असते, पाण्याची असते, अन्नाची असते, घशाशी असलेल्या एका लहान ग्रंथीची असते. आणि ती काढून घेतली जाऊ शकते.

म्हणून नदीकाठी उभे राहून ‘पाणी बरे दिसते आहे’ असे म्हणताना जरा थांबावे. उपशाने उठलेला गाळ, नाल्यांतून येणारे सांडपाणी यांनी पाणी गढूळले, की सर्वांत आधी अडतो तो जंबुपार प्रकाश. आपल्या डोळ्यांना तो मुळात नव्हताच, त्यामुळे तो गेल्याचेही आपल्याला कळत नाही. काठाच्या उथळ पाण्यातली, याच प्रकाशावर घास शोधणारी बोटुकली मात्र भर दुपारी चाचपडते. तिच्या तक्रारीला आपल्या डोळ्यांची साक्ष चालणार नाही. ती रिटरच्या त्या काळ्या पडलेल्या चांदीलाच विचारावी लागेल.