देवळालीचा ताप आणि फाईलवरचा ‘एस’

(एडवण येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आपल्यापैकी बरेच जण कल्याणमार्गे रेल्वेने नाशिकला गेले असतील. नाशिकरोडच्या अलीकडे देवळाली स्टेशन लागतं. या गावाचं नाव इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसासाठी वापरतात, हे आम्हांला फार उशिरा कळलं. ‘डुलाली’ म्हणतात ते.

1861 साली देवळालीला लष्करी छावणी झाली. इथली नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे राहायचे. या बोटी ऑक्टोबर ते मार्चच सुटत. म्हणजे ज्याची मुदत एप्रिलात संपली, त्याने उन्हाळा आणि सगळा पावसाळा तिथेच काढायचा. हाताला काम नाही, डोक्यात काय काय साठलेलं, आणि दारू हाताशी. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या जुन्या शिपायाने 1936 साली आठवणी छापल्या, त्यांत लिहिलंय की एरवी शिस्तीत वागलेली माणसं तिथे विचित्र वागू लागत. शिपाई त्याला म्हणत ‘डुलाली टॅप’. हा टॅप म्हणजे नळ नव्हे बरं का, आपला ताप!

आता यात आम्हांला रस का? तर हे नाव कुणा डॉक्टरने दिलेलं नाही, शिपायांनीच दिलं. आपल्याला काहीतरी होतंय हे त्यांना कळत होतं. पण नाव पडलं ते थट्टेचं. आजार कशाने झाला, त्याला उपाय काय, जबाबदार कोण, यातलं काहीच त्या नावात नव्हतं.

पहिल्या महायुद्धात हेच पुन्हा घडलं. फेब्रुवारी 1915 मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द छापला. तोही खंदकांतूनच वर आलेला. रुग्ण इतके वाढले की 1917 मध्ये ब्रिटिश सैन्याने आघाडीवर तो शब्द वापरायलाच बंदी केली. त्याऐवजी कागदावर लिहायचं, ‘मज्जातंतूंचा विकार, निदान अद्याप नाही’. माणूस थरथरतोय, झोपेत ओरडतोय, आणि कागद म्हणतो निदान नाही!

आपली माणसंही त्या युद्धात होती. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात अडकल्या. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. उपासमार, मग शरणागती, मग तुर्कांच्या कैदेत रेल्वेच्या कामावर राबणं. त्यातून जे गावी परतले त्यांच्या घरच्यांकडे ‘शेल शॉक’ हा शब्द कुठला असायला? बाहेरची बाधा म्हणायचं, नाहीतर तापट झालाय म्हणायचं. पुन्हा ताप आलाच बघा.

फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं तपासणारा हॉवेल नावाचा एक अधिकारी होता. 1915 च्या आरंभी त्याने वर कळवलं की शिपाई पत्रांत कविता लिहू लागलेत, हे मन अस्वस्थ असल्याचं वाईट लक्षण वाटतं. आम्हांला हा साहेब त्यांच्या डॉक्टरांपेक्षा हुशार वाटतो.

आज आपण ज्याला पीटीएसडी म्हणतो, ते नाव अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आलं 1980 साली. त्याआधी दहा वर्षं व्हिएतनामहून परतलेले सैनिक न्यूयॉर्कमध्ये एकत्र बसून बोलत होते. शॅटन आणि लिफ्टन हे डॉक्टर त्यांच्यात जाऊन बसले. मागणी सैनिकांची, शिक्का नंतर डॉक्टरांचा.

आणि आपल्याकडे? इथे आम्ही घरातलंच सांगतो. आमचा एक मावसभाऊ शांतिसेनेत श्रीलंकेत होता, 1987 च्या पुढे. लवकर निवृत्त होऊन आला. झोपायचा जमिनीवर, दाराकडे तोंड करून. लग्नात फटाके लागले की मागच्या परसात जाऊन उभा राहायचा. आम्ही सगळे म्हणायचो, स्वभाव आहे. कागद मात्र त्याच्या पत्र्याच्या पेटीत होते आणि त्यांवर स्वच्छ ‘एस-3’ लिहिलेलं. तो समजायचा, एस म्हणजे सर्व्हिस. तीस वर्षं समजायचा.

सैन्यात प्रकृतीची प्रतवारी ‘शेप’ या पाच अक्षरांत करतात. त्यातला एच म्हणजे कान, ई म्हणजे डोळे, आणि एस म्हणजे मन. निदान झालं होतं, मंडळी. ज्याचं झालं त्याला ते कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

त्याच कागदावर दुसरी नोंद होती. आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीने वाढलेलाही नाही. इंग्रजी आद्याक्षरांनी याला ‘नाना’ म्हणतात. आपल्याकडे नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. हा नाना फाईलवर बसला की अपंगत्वाचं पेन्शन अडतं. वास्तविक 1982 चे नियम वेगळं सांगत होते आणि 2013 मध्ये धर्मवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. भरतीच्या वेळी ज्याची नोंद नव्हती तो आजार पुढे निघाला, तर तो नोकरीमुळेच असं गृहीत धरायचं. तसं नाही हे दाखवण्याचा भार त्या नियमांनुसार सरकारवर होता. तो खटला फिट्सच्या आजाराचा होता, पण तत्त्व मनालाही लागू पडतं. शिवाय 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला आपल्या आजाराचं स्वरूप जाणून घेण्याचा आणि आपले कागद पाहण्याचा हक्क दिला.

पण हक्क वापरायला आधी अक्षर वाचता आलं पाहिजे. आम्ही त्याला एसचा अर्थ सांगितला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दादा, म्हणजे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं?” भावजय आतून आली आणि तिने तो कागद स्वतः वाचायला मागितला.

सध्या तो वकिलाकडे जाऊन आलाय. तुमच्याही घरी अशी पत्र्याची पेटी असेल तर कागदांवर ‘शेप’ शोधा. प्रश्नोत्तरं झाल्यावरही आम्ही इथेच बसलेलो आहोत, घेऊन या.