भरले की तुंबले?

मौजे कोऱ्हाळे बुद्रुक या नावातील 'बुद्रुक' हे फारसी 'बुजुर्ग'चे रूप आहे, हे जुनी दफ्तरे चाळणाऱ्या कोणासही ठाऊक असते; परंतु त्याच टापूत, नीरा डाव्या कालव्याच्या चाऱ्यांवर, जो शब्द नित्य कानी पडतो आणि लघवी अडलेल्या रोग्याच्या तोंडीही तितक्याच सहजतेने येतो, त्या 'तुंबणे'चे कूळ कोणी पुसत नाही.

एक पक्ष त्याला संस्कृत 'तुंब' म्हणजे भोपळा याच्या घरी नेऊन बसवील; मुतखड्याने फुगलेल्या मूत्रपिंडाची आकृती पाहता ही व्युत्पत्ती मोहक आहे, हे मी नाकबूल करीत नाही. पण भोपळ्याची सांगड बांधून माणसे नदी उतरत. वाट अडवणे हा त्याचा गुणधर्मच नव्हे. मला मूळपुरुष दिसतो तो कानडी 'तुंबु', आणि त्याचा अर्थ निव्वळ 'भरणे'. कानडी घरात घागर तुंबली तर ती शुभ गोष्ट, मराठी घरात मोरी तुंबली तर आपत्ती. भरण्यात अडथळ्याचा अर्थ शिरला तो पाणी वाहते ठेवणाऱ्याच्या जिभेवर. याला दाखला मागाल तर मी शेताच्या बांधाकडे बोट दाखवीन.

नवल असे की, वैद्यकालाही हीच दोन अर्थांची फारकत करावी लागली. साध्या सोनोग्राफीला मूत्रपिंडातील फुगवटा दिसतो. पण गर्भारपणात, किंवा लघवी मूत्राशयातून उलटी चढत असल्यास, अडथळ्यावाचूनही तो असू शकतो. म्हणून आकाराऐवजी प्रवाह पाहणारी डॉप्लरची रीत कामी आली. डॉप्लरने 1842 साली प्रागमध्ये जोडताऱ्यांच्या रंगांविषयी सिद्धान्त मांडला (रंगांबाबत तो चुकला, तत्त्व टिकले), ओसाकात सातोमुरांनी ते ध्वनिलहरींनी हृदयावर लावले, 1974 मध्ये पुर्सलोने रक्तप्रवाहाच्या रोधाचा अंक सुचवला. पण 1989 साली मिशिगनच्या जोएल प्लॅट आणि सहकाऱ्यांनी जो प्रश्न विचारला तो आमच्या शब्दाचाच होता: हे मूत्रपिंड नुसते भरले आहे, की तुंबले आहे?

उत्तर त्यांनी लघवीत न शोधता रक्तात शोधले. नळी अडली की काही तासांत मूत्रपिंडातील सूक्ष्म धमन्या आकसतात, आणि दोन ठोक्यांमधला प्रवाह मंदावतो. रक्ताच्या कमाल वेगातून हा किमान वेग वजा करून कमालाने भागावे, की पुर्सलोचा अंक मिळतो: 50 आणि 20 असता 0.60, 50 आणि 12 असता 0.76. सीमा 0.70 ची धरली गेली; त्यावर अडथळा मानायचा. दोन बाजूंत 0.10 चे अंतर पडले तरी संशय घ्यावा. पुढे या अंकाची पत बरीच उतरली, कारण अर्धवट अडथळ्यात तो पुष्कळदा हलतच नाही, आणि लहान मुलांत व रक्तदाबाच्या रोग्यांत तो अडथळ्याविनाही चढलेला सापडतो.

म्हणून मला अधिक भावते ती दुसरी, पाटकऱ्याची रीत. पाणी फुगले की जाणता पाटकरी फुगवट्यात खोरे न घालता खालच्या मोरीच्या तोंडाशी जातो. तसेच रंगीत डॉप्लर मूत्राशयावर धरला, की दोन्ही मूत्रनलिकांच्या मुखांतून थांबून थांबून उसळणाऱ्या चिळकांड्या पडद्यावर उजळतात. कित्येक मिनिटे पाहूनही एका बाजूस काहीच उसळले नाही, तर त्या बाजूची वाट बंद असण्याचा संभव मोठा. मात्र या परीक्षेपूर्वी रोग्याला भरपूर पाणी पाजावे लागते. म्हणजे मराठी अर्थाने तुंबले आहे की नाही हे ठरवण्यासाठी त्याला आधी कानडी अर्थाने तुंबावे लागते.