जपानची दारबंदी व नेरळचा लोहमार्ग

मुंबई-ठाणें लोहमार्ग इ. स. १८५३ च्या एप्रिलांत सुरू झाला. त्याच वर्षीं जुलैंत अमेरिकन नौसेनाधिपति पेरी याच्या आगबोटींनीं जपानची दोनशें वर्षांहून जुनी दारबंदी हालविली. बाष्पयंत्र उभयतांच्या दारीं एकदमच आलें म्हणावयाचें. पुढें अंतर पडलें तें मालकीमुळें. नेरळवरून गेलेला मोठा मार्ग लंडनच्या कंपनीचा. तिला सरकारनें शेंकडा ५ व्याजाची हमी दिलेली. जपाननें १८७२ त तोकियो-योकोहामा मार्ग इंग्रज स्थापत्यविशारदांकडून बांधविला, पण तो सरकारी ठेवला. आणि १८९३ त, इंग्रजांच्या देखरेखीखालीं कां होईना, कोबे येथें इंजिन घडविलें. आमच्याकडे अजमेरासही १८९५ त तें घडलें, हें सहसा कोणी सांगत नाहीं! तथापि पीरभॉय घराण्याच्या, म्हणजे एतद्देशीय, पैशानें १९०७ त नेरळ-माथेरान मार्ग झाला, तेव्हां त्याचीं इंजिनें जर्मनीहूनच आलीं.