‘ययाती’ आणि अभिरुचीचा न्याय

अमुक ग्रंथ आपला आवडता आणि तमुक अवाजवी गाजलेला, असा निवाडा वाचक नेहमीच देत असतो. समीक्षकही देतो, त्याला कारणे द्यावी लागतात, एवढेच. पण त्या कारणांपैकी ग्रंथात असलेली किती आणि आपल्या पिढीने आपल्याला दिलेली किती, हे त्यालाही पुष्कळदा उशिरा उमगते. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाती’च्या बाबतीत माझे असेच झाले.

‘ययाती’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला १९६० सालचा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला आणि पुढे १९७४ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक खांडेकरांना लाभले. मराठीला हा मान प्रथमच मिळत होता. आमच्या गावच्या वाचनालयात त्या सुमारास या कादंबरीसाठी नाव नोंदवून थांबावे लागे. शाळकरी वयात मी ती वाचली आणि तिच्यातील कितीतरी वाक्ये वहीत उतरवून घेतली. पाच-सहा वर्षांनी एम. ए.च्या वर्गात आलो, तेव्हा ती वही चारचौघांत दाखवण्याजोगी राहिली नव्हती.

मराठी कादंबरीची भूमी तोवर पालटून गेली होती. खांडेकरांचे प्रकाशक रा. ज. देशमुख यांनीच १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ प्रकाशित केली. तिच्यातील तिरकस, बोलण्याच्या लयीला धरून चालणाऱ्या निवेदनापुढे खांडेकरांची अलंकृत वाक्यरचना कृत्रिम भासू लागली. त्याआधीच मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराने बोधवादी साहित्यदृष्टीला हादरा दिला होता. आमच्या पिढीला हे दोन्ही वारसे आयते मिळाले. कला आणि जीवन यांच्या वादात फडके आणि खांडेकर परस्परांच्या विरुद्ध बाजूंना उभे होते. आम्ही मात्र दोघांनाही एकाच दावणीला बांधून निकालात काढले. खांडेकरांची कीर्ती अवाजवी आहे असे प्रतिपादणारा एक निबंध मीही लिहिला. त्यातील झाडून सारे दाखले ‘ययाती’तले होते. उरलेले खांडेकर मी फारसे वाचलेच नव्हते.

१९९१ साली एका चर्चासत्राच्या निमित्ताने मद्रासला जाणे झाले. तेथे एका निवृत्त तमिळ शिक्षकांची गाठ पडली. मी मराठी आहे असे कळताच त्यांनी पहिला प्रश्न केला तो शिरोड्याच्या शाळेविषयी. का. श्री. श्री. यांच्या अनुवादांतून त्यांनी तरुणपणी खांडेकर वाचले होते आणि कित्येक वर्षे ते या लेखकाला तमिळच समजत होते. मी माझे ठेवणीतले आक्षेप सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “आपण भाषेविषयी बोलता आहात. ती भाषा आमच्यापर्यंत आलीच नाही. आली ती माणसे.”

या उत्तराने मला दोन गोष्टींचा नव्याने विचार करावा लागला. पहिली भाषेची. खांडेकरांची उपमा-दृष्टान्तांनी नटलेली वाक्ये आमच्याकडे शालेय निबंधांत, वक्तृत्वस्पर्धांत आणि अनुकरण करणाऱ्यांच्या कथांत इतकी वापरली गेली की ती झिजून गेली. ही झीज आम्ही मूळ लेखकाच्या नावे मांडली. तमिळ वाचकापुढे अनुवादकाने आपल्या भाषेत नवे घडवलेले गद्य होते. गुजरातीतही गोपाळराव विद्वांसांच्या अनुवादांनी खांडेकरांना असाच स्वतंत्र वाचकवर्ग मिळवून दिला.

दुसरी गोष्ट काळाची. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याला शिक्षक होते. १९३० साली त्याच शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी त्यांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ प्रसिद्ध झाली. तमिळ प्रदेशातही त्याच वर्षी राजाजींच्या नेतृत्वाखाली वेदारण्यमला मीठ उचलले गेले. खांडेकरांचा ध्येयवादी नायक आम्हाला पुस्तकी वाटला. परंतु ज्या वाचकांनी तशी माणसे आपल्या गावात पाहिली होती, त्यांना तो ओळखीचा वाटला असला पाहिजे.

म्हणून माझे मत पालटले काय? ‘ययाती’पुरते म्हणाल, तर फारसे नाही. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपली कहाणी सांगतात, पण तिघांच्या मुखी वाणी एकाच लेखकाची आहे. कचाच्या मनातील संघर्षापेक्षा त्याचे प्रवचनच अधिक ऐकू येते. गिरीश कार्नाडांचे याच कथेवरील कन्नड नाटक १९६१ साली आले. बापाच्या तारुण्याची किंमत पुरूने आणि त्याच्या पत्नीने का मोजावी, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. खांडेकरांना या कथेत वासनेची अतृप्ती दिसली, तर कार्नाडांना पिढ्यांमधला अन्याय. दुसरा प्रश्न मला अधिक धारदार वाटतो. तरीही राजकन्या असून दासीपण पत्करणाऱ्या शर्मिष्ठेची पृष्ठे मी आजही आस्थेने वाचतो. खांडेकरांच्या रूपककथा तर मला त्यांच्या सर्व कादंबऱ्यांहून प्रिय आहेत. तेथे विस्ताराला वाव नाही, त्यामुळे अलंकाराला कथेचा भार वाहावा लागतो.

म्हणजे निष्कर्ष बराचसा तोच राहिला, पण त्याकडे नेणारी वाट चुकीची होती. कीर्ती अवाजवी आहे असे म्हणण्यापूर्वी ती कोणी, केव्हा आणि कशापोटी दिली, याचा शोध घेणे हे समीक्षेचे पहिले काम आहे. मी ते केले नव्हते. माझा तो निबंध अजूनही विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत उद्धृत केलेला आढळतो आणि दर वेळी मला संकोच वाटतो.

ती वही अद्याप माझ्यापाशी आहे. तिच्यातील बहुतेक वाक्ये आता मला आवडत नाहीत. पण ती उतरवून घेणाऱ्या मुलाला त्या वयात त्यांची गरज का वाटली होती, एवढे तरी मी त्या निबंधात विचारायला हवे होते.