दोन शब्दयोगी आणि एक उभयान्वयी

व्याकरणाच्या पुस्तकांत अव्ययांचें प्रकरण बहुधा शेवटीं येतें, आणि तेथवर पोंचेपर्यंत शिक्षक व विद्यार्थी दोघेही थकून गेलेले असतात. नामाला लिंग, वचन व विभक्ति यांचा लवाजमा असतो. क्रियापदाचा संसार तर त्याहून मोठा. अव्ययाजवळ यांपैकीं कांहींच नाहीं. त्याची व्याख्या घोकावयाची, चार उदाहरणें द्यावयाचीं आणि पुढें निघावयाचें, हा सर्वत्रांचा शिरस्ता. इंग्रजीचें व्याकरण शिकवितांना मींही कित्येक वर्षें तेंच करीत आलों. परंतु एका इंग्रज गृहस्थाची हकीगत वाचनांत आल्यापासून तें प्रकरण घाईनें उरकण्याचा मला धीर होत नाहीं. एका क्षुल्लक उभयान्वयी अव्ययाचा अर्थ काय, हा प्रश्न त्याच्यापुढें परीक्षेच्या कागदावर आला नव्हता. तो न्यायासनासमोर, त्याच्या स्वतःच्या स्वातंत्र्याला लागून आला होता.

तें अव्यय म्हणजे इंग्रजींतील ‘दॅट’. इंग्रज माणूस तें दिवसांतून शंभर वेळां उच्चारतो आणि घाईंत असला तर खुशाल गाळूनही टाकतो. ‘आय् नो दॅट ही केम’ असें म्हटलें काय किंवा ‘आय् नो ही केम’ असें म्हटलें काय, अर्थांत फरक पडत नाहीं. आमचीं शालेय पुस्तकें सांगतात कीं ‘दॅट’ हें कधीं दर्शक सर्वनाम असतें, कधीं संबंधी सर्वनाम असतें आणि कधीं उभयान्वयी अव्यय असतें. एकाच शब्दाला हे तीन हुद्दे कोणीं व कां दिले, हें मात्र तीं सांगत नाहींत. विद्यार्थीही विचारीत नाहीं.

हा प्रश्न ज्यानें विचारला त्याचें नांव जॉन हॉर्न. तो धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेला, पण वृत्तीनें राजकारणी. १७७५ च्या एप्रिलांत अमेरिकेंत लेक्सिंग्टन व काँकर्ड येथें राजाच्या फौजेची वसाहतवाल्यांशीं चकमक झाली व माणसें मेलीं. जूनमध्यें हॉर्ननें लंडनच्या वर्तमानपत्रांत एक जाहीर निवेदन छापविलें. मेलेल्या अमेरिकन लोकांच्या विधवा, पोरकीं मुलें व वृद्ध आईबाप यांच्यासाठीं शंभर पौंडांची वर्गणी जमली असून ती डॉ. फ्रँक्लिन यांच्याकडे पाठवावयाची आहे, असा त्याचा आशय होता. एवढ्यावर तो थांबता तर कदाचित् निभावलें असतें; पण राजाच्या फौजेनें या लोकांचा खून केला, असा उघड शब्द त्यानें घातला. १७७७ सालीं लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशापुढें त्याच्यावर राजद्रोही बदनामीचा खटला चालला. हॉर्ननें स्वतःच आपली बाजू मांडली. परिणामीं एक वर्षाचा कारावास व २०० पौंड दंड.

खटल्याचा निकाल लागला तरी आरोपपत्राचा वाद संपला नाहीं. हॉर्नचें म्हणणें असें कीं, ज्या घटनांवांचून गुन्हा सिद्धच होत नाहीं त्या घटना आरोपपत्रांत स्वतंत्र विधान करून सांगितल्या पाहिजेत. माझ्या आरोपपत्रांत तीं विधानें मुळींच नाहींत. उलट बाजूचें म्हणणें असें कीं, हा मजकूर राजाचें सरकार व त्याची फौज यांच्या संबंधाचा होता, एवढें ‘ऑफ्’ आणि ‘कन्सर्निंग’ या दोन शब्दयोग्यांनीं दाखविलें कीं पुरे. आणि आधाराला एक जुना निवाडा पुढें करण्यांत आला. तो लॉली नांवाच्या एका बाईचा. क्रुक नांवाच्या मनुष्यावर खोट्या दस्तऐवजाचा आरोप होता व त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यास फितविण्याचा प्रयत्न या बाईनें केला, असें तें प्रकरण. तिच्या आरोपपत्रांतील वाक्याची रचना अशी होती: ‘ती, जाणत असतां कीं क्रुकवर आरोप झाला होता, अमुक अमुक करती झाली.’ त्या ‘कीं’च्या जागीं मूळांत ‘दॅट’. बाईच्या वकिलानें हरकत घेतली कीं, येथें बाईला काय ठाऊक होतें एवढेंच सांगितलें आहे. क्रुकवर खरोखर आरोप झाला होता असें विधान कोठेंच केलेलें नाहीं. न्यायालयानें ती हरकत फेटाळली होती.

१७७८ सालीं हॉर्ननें जॉन डनिंग या नामांकित कायदेपंडितास उद्देशून एक पत्र छापून प्रसिद्ध केलें, आणि त्यांत या ‘दॅट’ची उकल केली. तो म्हणतो, हें अव्यय वेगळा शब्द नाहींच. तें आपलें नेहमींचें दर्शक सर्वनाम आहे. वाक्यांत तें कोठेंही उभें असो, बोट दाखविण्याचें आपलें काम तें सोडीत नाहीं. लॉलीचें वाक्य उलगडून मांडा, म्हणजे तें असें होतें: ‘क्रुकवर खोट्या दस्तऐवजाचा आरोप झाला होता. तें जाणत असतां तिनें अमुक अमुक केलें.’ तेव्हां तेथें स्वतंत्र विधान होतेंच, आणि न्यायालयाचा निर्णय योग्यच होता. पण जेथें विधानच नाहीं तेथें हा निवाडा लागू कसा पडणार?

मराठी वाचकाला या उकलींत नवल वाटणार नाहीं, कारण हॉर्ननें इतक्या खटाटोपानें जें सिद्ध केलें तें आपण रोज सहज बोलतों. ‘तो आला हें मला ठाऊक आहे’ ही आपली घरगुती रचना. विधान आधीं पुरें करावयाचें, मग ‘हें’ म्हणून त्याकडे बोट दाखवावयाचें. आपलें ‘हें’ झालेल्या गोष्टीकडे मागें वळून पाहतें. इंग्रजाचें ‘दॅट’ येणाऱ्या गोष्टीकडे पुढें पाहतें. प्राचीन इंग्रजींतही तें नपुंसकलिंगी दर्शक सर्वनामच होतें. ‘मला तें ठाऊक आहे: तो आला’, अशा जोडीनें उभ्या असलेल्या दोन वाक्यांतील मधला विराम हळूहळू नाहींसा झाला, आणि पहिल्या वाक्याचा शेवटचा शब्द दुसऱ्या वाक्याचा पहिला होऊन बसला. जर्मन भाषेंतही ‘दास्’ हें सर्वनाम व ‘दास्’ हें अव्यय मुळांत एकच. पुढें केवळ लेखनांत त्यांची ताटातूट झाली. म्हणजे या बाबतींत हॉर्नचा तर्क अचूक होता.

तथापि अचूक तर्काचा मोह वाईट असतो. हॉर्ननें पुढें विल्यम टूक या मित्राचें आडनांव धारण केलें, आणि त्याच मित्राच्या पर्ली येथील वाडीचें नांव देऊन १७८६ सालीं ‘डायव्हर्शन्स ऑफ पर्ली’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण दोन शब्दयोगी व एक उभयान्वयी यांचे दीन बळी झालों, असें तो त्यांत कडवट विनोदानें सांगतो. भाषेंत नाम व क्रियापद हींच काय तीं खरीं; बाकीचीं सर्व अव्ययें हीं त्यांचींच झिजलेलीं रूपें, असा त्याचा सिद्धान्त. त्याच्या आधारें ‘इफ्’ हें ‘दे’ या अर्थाच्या क्रियापदाचें आज्ञार्थी रूप, ‘अँड’ म्हणजे ‘भर घाल’, अशा व्युत्पत्ती त्यानें बेधडक दिल्या. अमेरिकेचा कोशकार नोआ वेब्स्टर याच्यासारखे लोकही त्याच्या भजनीं लागले. आज त्यांपैकीं पुष्कळशा व्युत्पत्ती टाकाऊ ठरल्या आहेत. योगायोग असा कीं, त्याच १७८६ सालीं कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यानें संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें मूळ एक असावें असें भाषण केलें. शब्दाचें मूळ शोधावयाचें तर त्याचे भाऊबंद निरनिराळ्या भाषांतून गोळा केले पाहिजेत, हा मार्ग त्या दिशेनें पुढें बॉप व ग्रिम यांनीं सिद्ध केला. टूक घरांत बसून एकाच भाषेच्या अंगणांत खणीत राहिला.

तरीही त्याचा सिद्धान्त सर्वस्वीं हास्यास्पद ठरत नाहीं, आणि याची साक्ष आपल्याच भाषेंत आहे. ‘पाऊस आला म्हणून मी थांबलों’ यांतील ‘म्हणून’ काय आहे? ‘म्हणणें’ या क्रियापदाचें तें सरळ रूप. पण तें उच्चारतांना कोणीं कांहीं म्हटल्याची जाणीव आपणांस उरलेली नाहीं. ‘म्हणजे’ची तीच कथा. क्रियापद झिजून अव्यय कसें होतें याचा एवढा उघडा दाखला टूकला मिळता, तर त्यानें तो मोठ्या आनंदानें आपल्या ग्रंथांत मिरविला असता.

टूकचा व्याकरणविचार खरा ठरला म्हणून त्याची शिक्षा टळली नाहीं. ती त्यानें भोगलीच. पुढें वकिलीची सनद मागितली तेव्हां धर्मदीक्षेचें कारण दाखवून ती नाकारण्यांत आली. १७९४ सालीं त्याच्यावर साक्षात् राजद्रोहाचा खटला भरला गेला. त्यांतून मात्र तो निर्दोष सुटला. १८१२ सालीं तो वारला.

वर्गांत अव्ययांचें प्रकरण आलें कीं हल्लीं मी ही हकीगत सांगतों. नामें व क्रियापदें बहुधा उघडपणें खोटें बोलतात, म्हणून तीं पकडतां येतात. पण दोन वाक्यांच्या सांध्यावर बसलेला हा लहानसा शब्द, कोणतें विधान आपण स्वतः करीत आहों आणि कोणतें दुसऱ्याच्या माथीं मारीत आहों, हें निमूटपणें ठरवीत असतो. ‘त्यानें चोरी केली हें सर्वांना ठाऊक आहे’ असें आपण सहज बोलून जातों. त्यांतल्या ‘हें’नें एका मनुष्याला पुराव्यावांचून चोर ठरविलेलें असतें. तें ‘हें’ तपासून पाहण्याची संवय विद्यार्थ्याला लागली, तर व्याकरणाचा तास फुकट गेला असें मी म्हणणार नाहीं.