रेल्वेचं चाक कसं ओततात? भट्टीपासून रुळापर्यंतची यंत्रं, सोप्या भाषेत

नागपूर–नागभीड ही नॅरोगेज लाइन आमच्या कुहीवरून जायची. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती बंद झाली आणि ब्रॉडगेजचं काम हाती घेतलं गेलं. तेव्हापासून रूळ, पूल, स्टेशन, टाइमटेबल अशा सगळ्यावर चर्चा होते, पण चाकाबद्दल कोणी काही विचारत नाही. नॅरोगेजमध्ये दोन रुळांमधलं अंतर ७६२ मि.मी. असतं, ब्रॉडगेजमध्ये १६७६ मि.मी. म्हणजे डबे वेगळे आणि चाकंही वेगळी. ही चाकं कुठे बनतात, कोणत्या यंत्रांवर बनतात आणि एका पोलादी चाकासाठी एवढा खटाटोप का करतात, ते या लेखात बघू.

थोडक्यात उत्तर

- भारतात मालगाडीची बरीचशी चाकं ओतून, म्हणजे कास्टिंग करून बनतात. हे काम रेल्वेच्या दोन कारखान्यांत होतं. एक बेंगळुरूजवळ येलहंका इथली रेल व्हील फॅक्टरी (१९८४ पासून, आधीचं नाव व्हील अँड ॲक्सल प्लांट). दुसरा बिहारच्या सारण जिल्ह्यातला बेला इथला रेल व्हील प्लांट.
- साचा वाळूचा नसतो, ग्रॅफाइटचा असतो.
- वितळलेलं पोलाद साच्यात वरून ओतत नाहीत. हवेच्या दाबाने खालून वर चढवतात.
- ओतून झालं की काम संपत नाही. चाक पुन्हा तापवून ठरलेल्या पद्धतीने थंड करतात आणि मग तपासतात.

एका चाकावर एवढी मेहनत का?

तुमच्या बाइकचं टायर पंक्चर झालं तर बाजूला थांबता येतं. कारमध्ये स्टेपनी असते. रेल्वेला स्टेपनी नसते. भरलेल्या मालडब्याच्या एका ॲक्सलवर २० टनांपेक्षा जास्त भार येऊ शकतो, म्हणजे एका चाकावर १० टनांच्या वर. आणि चाक रुळाला टेकतं ती जागा फक्त नखाएवढी असते! दर फेऱ्यात तोच भार चाकाच्या नव्या भागावर येतो, असं लाखो वेळा. आत बारीकशी पोकळी किंवा कचऱ्याचा कण राहिला असेल तर तिथून तडा सुरू होतो आणि हळूहळू वाढत जातो.

याचं सगळ्यांत वाईट उदाहरण जर्मनीतलं. ३ जून १९९८ रोजी एशेडे गावाजवळ, ताशी २०० कि.मी. वेगाने धावणाऱ्या गाडीच्या एका चाकाची बाहेरची पोलादी कडी तुटली. त्या अपघातात १०१ माणसं गेली. ते चाक एकसंध नव्हतं, मधल्या भागावर रबराचा थर आणि त्यावर कडी अशी त्याची रचना होती. तडा कडीच्या आतल्या बाजूने वाढत गेला होता, बाहेरून दिसत नव्हता.

ॲप क्रॅश झालं तर आपण ते परत उघडतो, चाकाच्या बाबतीत ती सोय नाही. म्हणून फौंड्रीतलं प्रत्येक यंत्र एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: चाकात लपलेला दोष राहणार नाही, यासाठी काय करायचं?

यंत्र १: इलेक्ट्रिक आर्क फर्नेस

कच्चा माल म्हणजे मुख्यतः भंगार. जुनी चाकं, ॲक्सल, रेल्वेचं इतर पोलादी भंगार मोठ्या भट्टीत टाकतात. वरून ग्रॅफाइटचे जाड इलेक्ट्रोड खाली येतात आणि त्यांच्यात व भंगारात विजेची ठिणगी, म्हणजे आर्क पेटतो. वेल्डिंगमध्ये जे होतं तेच, फक्त खूप मोठ्या प्रमाणात. पोलाद साधारण १५०० अंश सेल्सिअसला वितळतं, पण ओतेपर्यंत पातळ राहावं म्हणून तापमान १६०० अंशांच्या वर नेतात.

मग छोटा नमुना काढून स्पेक्ट्रोमीटरवर तपासतात. चाकाच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो. कमी पडला तर चाक लवकर झिजतं, जास्त झाला तर ठिसूळ होतं. एका वेळी वितळवलेल्या मालाला 'हीट' म्हणतात आणि प्रत्येक हीटला नंबर असतो. तो नंबर पुढे कामाला येतो.

यंत्र २: ग्रॅफाइटचा साचा

कोल्हापूरला शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत गेलात तर तिथे वाळूचे साचे दिसतील. वाळूत आकार दाबायचा, रस ओतायचा, थंड झाल्यावर साचा फोडायचा. पंप, इंजिनचे भाग यांसाठी ही पद्धत उत्तम आहे. पण एकाच मापाची हजारो चाकं हवी असतील तर दर वेळी नवा साचा बनवावा लागतो आणि प्रत्येक साच्यात थोडा फरक पडू शकतो.

ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीच्या शिशातला पदार्थ. त्याचे मोठे ठोकळे मशीनवर कोरून चाकाचा उलटा आकार बनवतात. साच्याचे दोन भाग असतात, वरचा 'कोप' आणि खालचा 'ड्रॅग'. ग्रॅफाइटचे तीन फायदे आहेत:

- पोलादाच्या तापमानाला ते वितळत नाही.
- उष्णता पटकन खेचून घेतं, त्यामुळे चाक बाहेरून लवकर घट्ट होतं.
- मशीनवर अचूक कापता येतं. झिजलं की थोडा थर काढून पुन्हा त्याच आकारात आणता येतं. म्हणजे एकाच साच्यातून अनेक चाकं निघतात.

पोलादाने साच्यातला कार्बन ओढून घेऊ नये म्हणून आतून सिलिकायुक्त लेप फवारतात. शिवाय पोलाद थंड होताना आकसतं, घट्ट झाल्यानंतरही साधारण २ टक्के. म्हणून साचा चाकापेक्षा थोडा मोठा ठेवतात. द्रव पोलाद घट्ट होताना आकसतं त्याची भरपाई करायला 'रायझर' नावाच्या जास्तीच्या पोकळ्या असतात. त्यातला रस सगळ्यांत शेवटी घट्ट होतो आणि तोवर चाकाला माल पुरवत राहतो.

यंत्र ३: प्रेशर पोअरिंग, या पद्धतीचा जीव

भट्टीतलं पोलाद लॅडल नावाच्या मोठ्या भांड्यात घेतात. वितळलेल्या पोलादावर मळी तरंगते, तिला स्लॅग म्हणतात. वरून ओतलं तर दोन त्रास होतात. मळी सोबत जाऊ शकते, आणि रस धबधब्यासारखा आपटून हवेचे बुडबुडे पकडतो.

यावर अमेरिकेतल्या ग्रिफिन कंपनीने उपाय काढला. येलहंकाच्या कारखान्यातही हीच पद्धत वापरतात. लॅडल एका बंद टाकीत ठेवतात. वरच्या झाकणातून सिरॅमिकची नळी खाली, लॅडलच्या तळाजवळ जाते. नळीच्या वरच्या टोकावर साचा बसवतात. मग टाकीत दाबाची हवा सोडतात. हवा रसाला खाली दाबते आणि रस नळीतून वर चढून साच्यात शांतपणे भरतो.

दुधावरची साय न मोडता खालून स्ट्रॉने दूध काढलं, तर साय वरच राहते. इथेही तसंच, फक्त वरून ओढण्याऐवजी खालून ढकलतात. मळी लॅडलमध्येच राहते आणि साच्यात तळाचा स्वच्छ रस जातो.

दाब किती लागतो? आपणच हिशोब करू. पातळ पोलादाची घनता पाण्याच्या साधारण सातपट. पाणी १० मीटर चढवायला १ बार दाब लागतो, म्हणजे पोलाद १ मीटर चढवायला सुमारे ०.७ बार. दोन मीटर चढवायचं असेल तर १.४ बार, म्हणजे जवळपास २० पीएसआय. बाइकच्या टायरमध्ये यापेक्षा जास्त हवा असते! जोर लावणं सोपं आहे, कौशल्य आहे दाब हळूहळू आणि अचूक वाढवण्यात. वेग जास्त झाला तर रस उसळतो, कमी झाला तर साचा पूर्ण भरायच्या आत कडेला घट्ट व्हायला लागतो.

साचा भरला की एक स्टॉपर खाली येऊन तोंड बंद करतो, नाहीतर दाब काढल्यावर रस परत खाली जाईल. मग पुढचा साचा. लॅडलमधला रस गार होत असतो, त्यामुळे ही सगळी ओळ थांबून चालत नाही.

यंत्र ४: हीट ट्रीटमेंटची भट्टी

चाक घट्ट झाल्यावर साचा उघडतात, रायझरचे अवशेष काढतात आणि मधलं भोक टॉर्चने कापतात. त्यानंतरचा टप्पा मला सगळ्यांत भारी वाटतो.

चाक पुन्हा भट्टीत तापवतात आणि फक्त बाहेरच्या कडेवर, म्हणजे रिमवर पाण्याचे फवारे मारतात. याला रिम क्वेंचिंग म्हणतात. रिम आधी थंड होऊन कडक होते. मधला भाग अजून गरम असतो. तो नंतर थंड होताना आकसतो आणि रिमला आत ओढतो. त्यामुळे रिम कायमची दाबाखाली राहते. तडा उघडायला ताण लागतो आणि इथे तर उलट दाब असतो, म्हणून तडा सहजी वाढत नाही.

बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव तापवून चढवतो ते आठवा. धाव थंड होऊन आकसते आणि लाकूड आवळलं जातं. रेल्वेच्या चाकात खेळ उलटा आहे. इथे आतला भाग आकसून बाहेरच्या कडेला आवळतो. त्यानंतर चाक कमी तापमानाला पुन्हा तापवतात, म्हणजे कडकपणा राहतो पण ठिसूळपणा कमी होतो.

यंत्र ५: तपासणी

- अल्ट्रासॉनिक: सोनोग्राफीचंच तत्त्व. आत पोकळी असेल तर ध्वनिलहरी तिथून परत येतात.
- मॅग्नेटिक पार्टिकल: चाकाला चुंबकत्व देऊन चमकणारे लोहकण सोडतात. अतिनील प्रकाशात तड्याची रेघ चमकते.
- ब्रिनेल: कडक गोळी ठराविक जोराने दाबून खड्डा मोजतात. खड्डा लहान म्हणजे पोलाद कडक.
- मापं: व्यास, रिमची जाडी, समतोल.

पास झालेल्या चाकावर कारखान्याची खूण आणि नंबर कोरलेला असतो. त्याला चाकाचा आयएमईआय समजा. उद्या एखाद्या चाकात दोष सापडला तर नंबरवरून हीट शोधता येते आणि त्याच हीटमधली बाकीची चाकं तपासता येतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग सापडला की लॉग उघडून तो कुठून आला ते बघतो, इथे तेच पोलादात होतं.

शेवटी मधलं भोक बोअरिंग मशीनवर अचूक करून चाक ॲक्सलवर प्रेसने दाबून बसवतात. नट-बोल्ट नाही, वेल्डिंग नाही. दोन चाकं आणि ॲक्सल मिळून 'व्हीलसेट' होतो.

ओतलेलं चाक की घडवलेलं?

दुसरी पद्धत म्हणजे फोर्जिंग. पोलादाचा तापलेला ठोकळा प्रचंड प्रेसखाली दाबून आणि रोलिंग मिलमध्ये फिरवून चाक घडवतात. दाबामुळे पोलाद आतून अधिक सलग होतं, पण खर्च जास्त येतो. वेगवान प्रवासी गाड्यांना अशी चाकं वापरतात. भारतात ती पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूर स्टील प्लांटमध्ये बनतात. उत्तर प्रदेशात रायबरेली जिल्ह्यातल्या लालगंजलाही त्यासाठी कारखाना उभारला आहे. तरी सगळी गरज देशात भागत नव्हती. २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि वंदे भारतसाठी युक्रेनहून येणारी चाकं अडकली. साधं वाटणारं चाक एका नव्या गाडीला थांबवू शकतं, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

धावणाऱ्या चाकावर नजर कशी ठेवतात?

ब्रेक चिकटून राहिले (रेल्वेच्या भाषेत ब्रेक बाइंडिंग) तर रिम खूप तापते आणि भट्टीत मिळवलेला तो उपयोगी दाब कमी होतो. चाक घसरलं तर त्यावर सपाट डाग पडतो आणि 'खट् खट्' आवाज येतो. असं चाक दर फेऱ्याला रुळावर हातोड्यासारखं आपटतं. ते पकडायला रुळावर सेन्सर बसवतात, त्या यंत्रणेला व्हील इम्पॅक्ट लोड डिटेक्टर म्हणतात. गाडी वरून जाताना प्रत्येक चाकाचा आघात मोजला जातो आणि दोषी चाक कोणत्या डब्याचं ते कळतं.

नेहमीचे प्रश्न

लांब ॲक्सल लावून नॅरोगेजची चाकं ब्रॉडगेजवर चालतील का?
नाही. ती चाकं लहान आहेत आणि कमी भारासाठी बनवलेली आहेत. ब्रॉडगेजच्या मालडब्याचं नवं चाक सहसा १००० मि.मी. व्यासाचं असतं, आयसीएफ डब्याचं ९१५ मि.मी. फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर नागपूरला मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जाऊन या.

चाक पूर्ण सपाट असतं का?
नाही, किंचित निमुळतं असतं. आपल्याकडे हा उतार १:२० असतो. वळणावर बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर आणि आतलं लहान व्यासावर चालतं, त्यामुळे एकाच ॲक्सलवर असूनही दोन्ही चाकं वळण घेऊ शकतात.

झिजलेलं चाक फेकून देतात का?
लगेच नाही. लेथवर कापून पुन्हा नीट आकार देतात. ठरलेल्या मापापेक्षा लहान झालं की मग भंगारात जातं, आणि तिथून पुन्हा भट्टीत.

या क्षेत्रात जायचं असेल तर?
आयटीआयमध्ये फौंड्रीमन हा ट्रेड आहे. इंजिनिअरिंग करायचं असेल तर मेटलर्जी बघा. नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीत हा विषय शिकवतात.